दोन डोकी, दोन कापडं: मॅग्रीतचं 'द लव्हर्स' बघताना

तुमचा प्रश्न मला असा कळला. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या तुमच्या वाचक मंडळात तुम्हाला बेल्जियन चित्रकार रेने मॅग्रीतच्या 'द लव्हर्स' या चित्रावर पंधरा मिनिटं बोलायचं आहे. एक पुरुष आणि एक स्त्री चुंबन घेत आहेत आणि दोघांचीही डोकी, चेहऱ्यासकट, कापडात पूर्ण गुंडाळलेली आहेत, असं ते चित्र. तुम्ही जिथे जिथे वाचलंत तिथे एकच खुलासा सापडला: चित्रकाराच्या आईने नदीत जीव दिला, देह बाहेर काढला तेव्हा तिचा रात्रीचा झगा तोंडावर आलेला होता, मुलाने ते पाहिलं, म्हणून हे कापड. मग असंही वाचलंत की मॅग्रीतला हा खुलासा मान्य नव्हता. त्यात भर म्हणून तयारीच्या बैठकीत तुमची एक मैत्रीण म्हणाली, "ही तर आपल्याकडची ओढणी बांधून फिरणारी जोडपी," आणि सगळे हसले. आता यातला खरा अर्थ कोणता, असं तुम्ही विचारताय.

या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे आणि खरी अडचण तिथे आहे. अर्थ लावताना ऐकायचं कोणाचं? चित्रकाराच्या आयुष्याचं, त्याच्या स्वतःच्या बोलण्याचं, की बघणाऱ्याच्या मनात जे येतं त्याचं? मी बडोद्यात बरीच वर्षं कलास्वाद शिकवते आहे आणि प्रत्येक तुकडी इथेच अडते. माझं उत्तर आधीच सांगते: तिघांनाही बोलू द्यावं आणि निकाल चित्राकडून घ्यावा. हे कसं करायचं ते पुढे सांगते, पण त्याआधी आपल्या डोळ्यांच्या सवयीबद्दल थोडं.

आपण बडोदेकर चित्र बघायला कुठे शिकलो? बहुतेकांनी पाहिलेली पहिली मोठी तैलचित्रं म्हणजे लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारातल्या फतेहसिंह संग्रहालयातली राजा रविवर्मांची. सयाजीराव महाराजांनी त्यांच्याकडून पौराणिक प्रसंग रंगवून घेतले. त्यातल्या अर्जुन-सुभद्रेसमोर उभं राहिलं की बरोबरचं मोठं माणूस सुभद्राहरणाची गोष्ट सांगू लागतं आणि गोष्ट कळली की चित्र कळल्यासारखं वाटतं. त्या चित्रांसाठी ही रीत अगदी रास्त आहे. बघणाऱ्याला कथा ठाऊक आहे हे धरूनच रविवर्मांनी तिच्यातला एक क्षण निवडलेला असतो. हा कोण, ती कोण, आधी काय झालं, पुढे काय होणार, हे सगळं विचारायलाच हवं.

मॅग्रीतचं चित्र वरवर त्याच जातीचं दिसतं. अंगाला गोलाई आहे, कापडाच्या चुण्या छायाप्रकाशाने उठवलेल्या आहेत, कुठेही रंगांचे फटकारे नाहीत. त्याने उमेदीच्या काळात वॉलपेपरच्या कारखान्यात नक्षीकाम केलं, पोटासाठी जाहिरातीही केल्या. साफ, निर्विकार, हात न दाखवणारं रंगकाम त्याला येत होतं आणि ते त्याने जाणून ठेवलं. त्यामुळे आपला डोळा सवयीने विचारतो, ही माणसं कोण, यांच्या बाबतीत काय घडलं. उत्तर येत नाही, कारण या चित्रामागे कथा नाही. ती मोकळी जागा माणसाला सोसत नाही. मग आईच्या मृत्यूची गोष्ट तिथे येऊन बसते आणि आपण सुभद्राहरण ऐकल्यासारखे सुटकेचा श्वास टाकतो. हा खुलासा इतका लोकप्रिय का आहे, याचं कारण मला हेच वाटतं. तो चित्राबद्दल फार काही सांगत नाही. आपली कथेची भूक मात्र भागवतो.

आता चित्राकडे येऊ. हे १९२८ सालचं तैलचित्र न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे. आकार ५४ बाय ७३ सेंटिमीटरच्या आसपास. फोनवर बघून बोलायला जाऊ नका. मोठ्या आकाराचं दैनिक वर्तमानपत्र पूर्ण उघडून डोळ्यांच्या उंचीवर भिंतीला लावा, चित्र जवळपास तेवढं आहे. त्यात फक्त दोन माणसांचा छातीपासून वरचा भाग बसवलाय, म्हणजे डोकी जवळजवळ खऱ्या माणसाच्या डोक्याएवढी होतात. फोनवर ती बोटाच्या पेराएवढी असतात आणि सगळं एखाद्या कोड्यासारखं वाटतं. खऱ्या आकारात मात्र आपण दोन माणसांच्या फार जवळ, नको इतके जवळ उभे आहोत, हे अंगाला जाणवतं.

मग जे दिसतं त्याची साध्या नामांत यादी करा. अर्थ सांगणारा एकही शब्द त्यात येऊ देऊ नका. पुरुषाच्या अंगात काळा सूट, पांढरा शर्ट, टाय. बाईच्या अंगात लाल, बिनबाह्यांचा पोशाख. मागे खोलीच्या भिंती, एक निळसर करडी, एक तांबूस, वर छताच्या कडेने नक्षीची पट्टी. पांढुरकं कापड, त्याखाली नाकाचा उंचवटा जाणवतो. "गूढ", "गुदमरलेले", "असहाय" हे शब्द यादीत आले की ते खोडून टाकायचे, मी वर्गात तसंच करते. ते शब्द कदाचित नंतर परत येतील, पण तेव्हा ते कशामुळे आले हे तुम्हाला सांगता येईल.

या यादीत दोन गोष्टी बहुतेकांच्या नजरेतून सुटतात. पहिली, कापडं दोन आहेत. प्रत्येकाचं डोकं त्याच्या त्याच्या कापडात आहे. दुसरी, कापड काढायला कोणाचाही हात वर आलेला नाही. धडपड नाही, ओढाताण नाही. दोघांची अंगं चुंबन घेणाऱ्या माणसांची असतात तशीच आहेत.

यानंतर मी वर्गात ट्रेसिंग पेपर वाटते आणि चित्र बदलायला सांगते. अतिवास्तववादी, म्हणजे ओळखीच्या गोष्टी स्वप्नासारख्या अनोळखी रीतीने मांडणाऱ्या चित्रांसाठी याहून उपयोगी रीत मला सापडलेली नाही, कारण या चित्रांत बहुधा एकच गोष्ट जागेवरून हललेली असते आणि ती परत जागेवर ठेवून पाहिल्याशिवाय तिचं काम कळत नाही. दोन्ही कापडं काढा. उरतो जुन्या मूकपटाच्या जाहिरातीवरचा एक चुंबनाचा प्रसंग, शंभर वेळा पाहिलेला. म्हणजे कापडाखाली अगदी ओळखीचं, घासून गुळगुळीत झालेलं चित्र आहे. आता फक्त पुरुषाचं कापड काढा. लगेच चित्र भीतीचं होतं: तो पाहतोय, तिला दिसत नाही, सत्ता त्याच्याकडे गेली. फक्त बाईचं काढा, उलटं होतं. मॅग्रीतने दोघांनाही झाकलं म्हणून या चित्रात कोणीही कोणावर वरचढ नाही. ही बरोबरी सहज घडलेली नाही.

आता तिसरा बदल. दोन कापडं काढून दोघांच्या मध्ये एकच धरा. मराठी माणसाला लगेच अंतरपाट दिसतो. मला हा बदल फार बोलका वाटतो. अंतरपाट दोघांच्या मधे असतो, दुसऱ्याच कोणीतरी धरलेला असतो आणि मंगलाष्टकं संपली की तो दूर होणार हे सगळ्या मांडवाला ठाऊक असतं. तो अडसर बाहेरचा आहे आणि त्याला शेवट आहे. मॅग्रीतच्या चित्रात अडसर मधे नाही. प्रत्येकाने तो आपल्या अंगावर वागवत आणलाय. कितीही जवळ आलं तरी तो मधून निघून जाणार नाही, कारण तो मधे नव्हताच. आणि तरीही चुंबन थांबलेलं नाही.

माझा अर्थ इथे उभा राहतो. आपण समजतो की जवळीक वाढली की अनोळखीपण कमी होतं. या चित्रात दोन्ही एकाच वेळी पूर्ण आहेत. तसूभर अंतर नाही आणि तसूभर ओळख नाही. कोणी म्हणेल ही शोकांतिका आहे. मला ती दिसत नाही, कारण शोक दाखवणारं काही चित्रात नाही. लाल पोशाख, व्यवस्थित बांधलेला टाय, नीटनेटकी खोली. हे रोजचं आहे, असंच असतं, अशा सुरात चित्र बोलतं आणि त्यामुळेच ते अंगावर येतं.

मॅग्रीतने हा बदलून बघण्याचा खेळ स्वतःही केला. त्याच वर्षी, त्याच नावाने त्याने आणखी एक चित्र काढलं. ते कॅनबेराच्या नॅशनल गॅलरी ऑफ ऑस्ट्रेलियात आहे. तिथे हेच दोघं मोकळ्या हवेत, मागे निसर्ग, गालाला गाल लावून आपल्याकडे तोंड करून आहेत, सहलीला गेलेलं जोडपं फोटोसाठी उभं राहतं तसे. कापडं तशीच. प्रसंग बदलला, जागा बदलली, चुंबन गेलं, कापड राहिलं. फक्त एकच चित्र बघून कापडाचा अर्थ ठरवणं किती कच्चं आहे, ते या दुसऱ्यामुळे कळतं.

आता आईची गोष्ट. पक्कं काय आहे ते आधी वेगळं काढू. मॅग्रीत १८९८ साली बेल्जियममध्ये जन्मला. १९१२ साली, तो तेरा वर्षांचा असताना, त्याच्या आईने, रेजिनाने, साम्ब्र नदीत जीव दिला. देह बऱ्याच दिवसांनी सापडला. झगा तोंडावर आल्याची गोष्ट त्याचा मित्र, लेखक लुई स्क्युटनेअर, याने लिहिली आणि तिथून ती पसरली. देह काढताना हा मुलगा तिथे हजर होता का, याबद्दल नंतरच्या अभ्यासकांनी गंभीर शंका घेतली आहे. म्हणजे मृत्यू पक्का, झग्याचं दृश्य कच्चं.

तरी समजा ते दृश्य खरं आहे. मग चित्रापुढे धरून पाहा. आईच्या झग्याने एक डोकं झाकलं जाईल, पुरुषाचं डोकं कोणी झाकलं? चुंबन कशासाठी? कॅनबेराच्या चित्रातली ती सहल कशासाठी? शिवाय मॅग्रीतने आयुष्यभर चेहरे लपवले आणि त्याला दर वेळी कापड लागलं नाही. 'द सन ऑफ मॅन' या १९६४ च्या चित्रात चेहऱ्यापुढे हिरवं सफरचंद तरंगतं. १९३७ च्या एका चित्रात माणूस आरशासमोर उभा आहे आणि आरशातही त्याची पाठच दिसते. झग्याची गोष्ट या चित्रांपाशी मुकी होते. दुसरीकडे, फँटोमास नावाच्या मुखवटेधारी गुन्हेगाराच्या कथा आणि चित्रपट मॅग्रीतला तरुणपणापासून फार आवडायचे. झाकलेल्या चेहऱ्याचं आकर्षण तिथूनही आलेलं असू शकतं. एकाच परिणामाला एवढी कारणं जवळ असताना त्यातलं सर्वांत करुण कारण उचलावं, याला चित्रात आधार नाही.

म्हणून ही गोष्ट भाषणातून गाळा, असं मी म्हणत नाही. ती सांगा, पण "म्हणून" हा शब्द न वापरता. मॅग्रीतच्या लहानपणी हे घडलं, असं सांगून थांबा. आणि एक लक्षात घ्या, मृत्यूचा अर्थ या चित्रात आईच्या गोष्टीशिवायही आहे. पांढुरक्या कापडाने तोंड झाकलेलं माणूस आपण कधी पाहतो, हे कोणाला सांगावं लागत नाही. हा अर्थ चित्रातूनच येतो, त्याला चरित्राचा टेकू नको. मला आणखी एक गोष्ट मनापासून खटकते. एका बाईने कसल्या तरी असह्य दुःखात जीव दिला आणि तिच्या मरणाचा उपयोग आपण चित्रावरची चिठ्ठी म्हणून करतो. तिच्याबद्दल बोलायचंच असेल तर जरा जपून बोलावं.

चित्रकाराच्या नकाराचं वजन किती? तेव्हाचं वातावरण बघा. आंद्रे ब्रेताँने १९२४ साली पॅरिसमध्ये अतिवास्तववादाचा जाहीरनामा काढला. ब्रेताँ मूळचा वैद्यकाचा विद्यार्थी, मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याच्या विचारांनी भारावलेला. स्वप्न आणि नेणीव हा त्या मंडळींचा श्वास होता. मॅग्रीत १९२७ ते १९३० पॅरिसजवळ राहिला, त्यांच्यात वावरला, पण आपल्या चित्रांचं मनोविश्लेषण होणं त्याला मुळीच आवडत नसे. चित्रं सोडवण्याची कोडी नाहीत, ही त्याची भूमिका आयुष्यभर टिकली. शीर्षकंही तो पुष्कळदा मित्रांबरोबर बसून ठरवायचा आणि शीर्षकाने चित्राचा खुलासा होऊ नये याची काळजी घ्यायचा.

यातलं किती घ्यावं? मी याकडे साक्ष म्हणून बघते. साक्षीदार खरं बोलत असला तरी त्याला सगळं ठाऊक असतं असं नाही, आणि आपल्या आईबद्दल बोलताना तर कोणीही थोडं आवरूनच बोलेल. पण त्याच्या नकारातून एक गोष्ट नक्की मिळते: त्याने चित्रात सांकेतिक निरोप लपवलेला नाही. म्हणून "कापड म्हणजे अमुक, लाल रंग म्हणजे तमुक" असा कोश लावायला बसू नका. चित्राचा आपल्यावर काय परिणाम होतो, याबद्दल मात्र त्याची परवानगी लागत नाही.

राहिली तुमची मैत्रीण. तिच्या बोलण्यात हसण्यासारखं काही नव्हतं, उलट त्या बैठकीत चित्राकडे खरंच पाहणारी ती एकटी असावी. आपल्याकडे स्कूटीवरच्या मुली उन्हासाठी, धुळीसाठी ओढणीने तोंड गच्च बांधतात आणि कमाटीबागेत किंवा सूरसागरच्या पाळीवर बसताना ती ओढणी ओळखीच्या नजरांपासूनही वाचवते. म्हणजे तिने कापडाचा अर्थ पार उलटा केला: कापड अडवत नाही, मोकळीक देतं. एवढं मोलाचं निरीक्षण मोठ्या पुस्तकी खुलाशातही क्वचित मिळतं.

तरी तेही चित्रापुढे धरायचं. ओढणी बांधली तरी डोळे उघडे असतात. मुलगी दिसत नाही, पण तिला दिसतं. चित्रात डोळेच झाकलेले आहेत. ओढणी रस्त्यावर बांधतात, चित्रातली माणसं चार भिंतींच्या आत आहेत, तिथे शेजारी नाहीत, काका-मामा नाहीत. म्हणजे समाजापासून लपण्याचा अर्थ इथे टिकत नाही. पण तो तुटतो तिथेच एक नवा प्रश्न उघडतो. बंद खोलीत ही दोघं कोणापासून लपली आहेत? एकमेकांपासून, हे एक उत्तर. दुसरं मला या चर्चेमुळेच सुचलं: त्या खोलीत तिसरं कोणीतरी आहे, ते आपण. इतक्या जवळ उभं राहून, डोळे फाडून बघणारे. चुंबन बघायला मिळतं, पण त्यातलं जे खाजगी असतं, चेहऱ्यावरचं, ते कापड आपल्याला देत नाही. मैत्रिणीचं निरीक्षण पुरतं बरोबर नसूनही आपल्याला इथपर्यंत घेऊन आलं. बघणाऱ्याच्या मनात आलेलं कधीच टाकून देऊ नये, मात्र ते तपासल्याशिवाय ठेवूही नये, असं मी म्हणते ते यासाठी.

हे सगळं प्रत्येक चित्राला असंच्या असं लागू होईल का? नाही, चित्रकारावर अवलंबून आहे. दुसरा अतिवास्तववादी चित्रकार, साल्वादोर दाली, याचं उदाहरण घ्या. त्याच्या १९३१ च्या वितळत्या घड्याळांच्या चित्रात मागचे कडे त्याच्या कातालोनियातल्या किनाऱ्याचे आहेत, मऊ पडलेल्या कॅमेम्बर चीजवरून घड्याळं सुचल्याचं त्याने स्वतः लिहून ठेवलंय. दाली आपलं आयुष्य चित्रात उघडपणे मांडतो आणि वर त्याच्या कहाण्याही रचतो. तिथे चरित्र वाचावं लागतं, आणि त्याच्या कहाण्यांवर सावधपणे विश्वास ठेवावा लागतो.

आणि आपल्या गावातलंच बघायचं तर भूपेन खख्खर. पेशाने हिशेबनीस, बडोद्यात राहून चित्रं काढणारे. त्यांच्या १९८१ च्या 'यू कांट प्लीज ऑल' मध्ये एक नग्न माणूस गच्चीवरून खाली बघतो आहे आणि खाली बापलेक आणि गाढवाची जुनी गोष्ट चालू आहे, ती, ज्यात कसंही वागलं तरी लोक नावं ठेवतात. खख्खर समलिंगी होते आणि ते त्यांनी पुढे आपल्या चित्रांत उघड मांडलं. इथे कथाही हवी आणि चरित्रही हवं, कारण दोन्ही त्यांनी स्वतः चित्रात आणून ठेवली आहेत. मॅग्रीतने तसं केलेलं नाही. चरित्र आत घ्यायचं की दाराशी थांबवायचं, हे मी या एका गोष्टीवरून ठरवते: चित्राने त्याला बोलावलंय का?

तुमच्या पंधरा मिनिटांसाठी क्रम असा ठेवा. पहिली चार-पाच मिनिटं काहीही न सांगता चित्र दाखवा आणि श्रोत्यांना फक्त नामं सांगायला लावा. शीर्षकही तोवर सांगू नका. "दोन कापडं" हे कोणीतरी म्हणेपर्यंत थांबा, बहुधा म्हणतात. मग ट्रेसिंग पेपरवरचे दोन-तीन बदल, मग तुमचा अर्थ आणि त्यामागची कारणं. कॅनबेराचं चित्र त्यानंतर दाखवा, तुमचा अर्थ त्यापुढे टिकतो की नाही हे श्रोत्यांना ठरवू द्या. आईची गोष्ट त्याच्याही नंतर. आधी सांगितलीत तर पुढे कोणाला दुसरं काही दिसणार नाही, हे मी वर्गात अनेकदा पाहिलेलं आहे.

कोणी ज्येष्ठ मंडळी विचारतीलच, "पण चित्रकाराला काय म्हणायचं होतं?" त्यांना आदराने सांगा की त्याने खुलासा करायचं नाकारलं, म्हणून आपण चित्रात काय आहे त्यावरून बोलतोय, आणि माझा अर्थ चुकत असेल तर चित्रातली जागा दाखवा. बहुतेक वेळा यावर ती मंडळी उठून चित्राजवळ जातात. प्रिंट काढणार असाल तर संग्रहालयाच्या संकेतस्थळावरच्या प्रतीवरून काढा. इतरत्र फिरणाऱ्या प्रतींत भिंतीचे रंग भडक होतात आणि कडा कापल्या जातात, मग वरची नक्षीची पट्टी जाते आणि ती गेली की ही माणसं खोलीत आहेत हेच कळत नाही.